मदत हवी आहे : घरामागचा जुना पोहण्याचा तलाव दुरुस्त करायचा आहे, कोणते वॉटरप्रूफिंग करावे?

सागरगड :
नमस्कार. वडिलांनी १९९६ मध्ये घरामागे बांधून घेतलेला पोहण्याचा तलाव बरीच वर्षे वापरात नव्हता. आता मुलांसाठी तो पुन्हा सुरू करायचा आहे. पाणी हिरवेगार झाले आहे, काही टाइल निघाल्या आहेत आणि पातळी खाली जाते. कंत्राटदाराच्या मते तलाव रिकामा करून, सर्व टाइल काढून नवे वॉटरप्रूफिंग करावे लागेल, आणि त्यासाठी तो सोमवारी पंप घेऊन येणार आहे. मला एवढेच विचारायचे आहे की सिमेंट आणि पॉलिमर यांचे दोन घटकांचे कोटिंग चांगले की क्रिस्टलाइन, म्हणजे काँक्रीटमध्ये शिरून त्यातील छिद्रे बुजवणारे? साहित्य शनिवारी आणायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

स्थापत्य_मित्र :
तलाव कोणत्या गावी आहे, त्याची लांबी, रुंदी व खोली किती, तो आरसीसीचा आहे की विटांच्या बांधकामाचा, आणि पाणी उतरत उतरत कोठे थांबते का, हे कळल्याशिवाय कोटिंगबद्दल काहीही सांगणे योग्य होणार नाही. जवळ विहीर असल्यास तिच्यात सध्या पाणी किती खोलीवर आहे, तेही कळवावे. तोपर्यंत पंप लावू देऊ नये.

पायाभरणी :
दोन्ही रासायनिक कोटिंगे बाजूला ठेवा आणि शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळाला व भिंतींना बाहेरून फरशीची पेटी, करून घ्या. मुंबईतील जुन्या इमारतींच्या तळघरांना आणि जमिनीखालच्या टाक्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीच पद्धत वापरली गेली आहे, आणि चांगला कारागीर असेल तर ती दीर्घकाळ टिकते.

न्यूजर्सीकर :
आमच्याकडे बहुतेक घरांमागील तलावांना व्हिनाइलचे अस्तर असते. ते फाटले की जुने काढून नवे बसवतात आणि टाइलचा प्रश्नच उरत नाही. आपणही तसे अस्तर का बसवत नाही?

स्थापत्य_मित्र :
न्यूजर्सीकर, ते अस्तर तलावाच्या मापाने तयार करून घ्यावे लागते आणि काठावर ते अडकवण्यासाठी खाच लागते. शिवाय जमिनीतील पाणी वर आले की अस्तर तळापासून सुटून तरंगू लागते. पायाभरणी, बॉक्स वॉटरप्रूफिंग ही उत्तम पद्धत आहे, परंतु ती बांधकामाच्या वेळी बाहेरच्या बाजूने करायची असते. तयार तलावाभोवती खणून ते करणे कोणालाही परवडणारे नाही.

सागरगड :
कोटिंगचे उत्तर अजून मिळालेले नाही. तलाव आरसीसीचा आहे, ३० फूट बाय १५ फूट, खोली सरासरी ५ फूट. गाव नागाव, तालुका अलिबाग. विहीर वाडीतच आहे. जूनपासून पाऊस चांगला लागल्याने तिचे पाणी हाताला लागेल इतके वर आले आहे, परंतु विहिरीचा आणि तलावाचा संबंध मला समजला नाही.

स्थापत्य_मित्र :
संबंध अगदी थेट आहे आणि तो सोमवारपूर्वी समजून घेणे आवश्यक आहे. नागावची जमीन वाळूची व सपाट आहे, त्यामुळे विहिरीत जी पातळी दिसते तीच साधारणपणे तलावाच्या भिंतींबाहेरही असते. आपल्या तलावाच्या तळाचे क्षेत्रफळ ४५० चौरस फूट आहे. बाहेरचे पाणी तळापेक्षा ३ फूट वर असेल तर ते तलावाला सुमारे ३८ टनांच्या बलाने वर ढकलते. ८ इंच जाडीचा तळ सुमारे २० टनांचा आणि तेवढ्याच जाडीच्या भिंती साधारण तितक्याच वजनाच्या धरल्या, तर ३ फुटांवर दोन्ही बाजू जवळजवळ समान होतात, आणि त्यापुढचा प्रत्येक फूट १२ ते १३ टनांची भर घालतो. आज हा भार आतील पाणी पेलत आहे. ते उपसले तर तळ मधोमध फुटू शकतो किंवा संपूर्ण तलाव उचलला जाऊन पाइप तुटू शकतात, आणि तसे झाल्यावर कोणतेही कोटिंग उपयोगी पडत नाही. काही तलावांच्या तळाशी बाहेरचे पाणी आत घेऊन दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, पण इतक्या वर्षांनंतर तो चालेल असे गृहीत धरू नये.

पायाभरणी :
ही भीती मला अनाठायी वाटते. मी लोणावळ्यात भर जुलैमध्ये तलाव रिकामे केलेले आहेत आणि एकालाही तडा गेला नाही.

स्थापत्य_मित्र :
लोणावळ्यात उतारावरच्या जमिनीतून पाणी वाहून जाते, म्हणून तेथे आपल्याला तो अनुभव आला असेल. समुद्रापासून जवळच्या सपाट वाडीला तो लागू होत नाही. निर्णय विहिरीच्या पातळीवरून करावा.

अंगण :
एवढा खर्च करण्यापेक्षा तलावात गप्पी मासे सोडावेत आणि छतावरचे पाणी त्यात साठवावे. डासांच्या अळ्याही राहणार नाहीत आणि नारळी-पोफळींना उन्हाळ्यात पाणी मिळेल.

सागरगड :
अंगण, सूचनेबद्दल आभार, परंतु आम्हाला तलाव पोहण्यासाठीच हवा आहे. पाणी काढायचे नाही तर हिरव्या पाण्याचे काय करावे?

रसायन :
पाणी हिरवे आहे एवढ्यासाठी तलाव रिकामा करण्याची गरज नसते. आपल्याकडे साधारण ६४ हजार लिटर पाणी आहे. प्रथम पालापाचोळा जाळीने काढावा आणि वाळूच्या फिल्टरमधील वाळू बदलावी, कारण इतकी वर्षे पडून राहिलेली वाळू घट्ट बसलेली असणार. पीएच ७.२ ते ७.४ दरम्यान आणून द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट संध्याकाळी घालावे, कारण उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होतो. भिंती ब्रशने घासाव्यात आणि पाणी निळसर-पांढुरके होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. उरलेला गढूळपणा तुरटीने खाली बसतो, आणि तो गाळ फिल्टरमधून न फिरवता थेट बाहेर काढावा. पोहण्यापूर्वी मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असावा. आणखी एक सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो : क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, एकाच भांड्यानेही मोजू नयेत. त्यातून आग किंवा स्फोट होऊ शकतो.

स्थापत्य_मित्र :
सागरगड, पाणी कोठे थांबते हा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे.

सागरगड :
पाण्याखालच्या दिव्यापाशी थांबते. त्याखाली गेलेले मी पाहिलेले नाही.

पायाभरणी :
मग गळती दिव्याच्या खोबणीतच आहे, हे स्पष्ट आहे.

स्थापत्य_मित्र :
हे निरीक्षण पावसाळ्यातील असेल तर तसे म्हणता येणार नाही. बाहेरचे भूजल त्याच उंचीवर असेल तरीही आतील पाणी तेथेच थांबेल. सागरगड, हे केव्हा पाहिले?

सागरगड :
मे महिन्यात. तेव्हा विहीर तळाला गेली होती.

स्थापत्य_मित्र :
मग पायाभरणी यांचे म्हणणे मला मान्य आहे. मेमध्ये बाष्पीभवनानेही रोज अर्धा-पाऊण सेंटीमीटर पाणी कमी होते, पण ते एका ठरावीक रेषेवर थांबत नाही. खोबणीतून वायर ज्या नळीने बाहेर जाते, तिच्या तोंडाशी असलेले सील जुने झाले की पाणी त्या नळीतून जमिनीत जाते. खात्रीसाठी, पंप बंद असताना आणि पाणी स्थिर असताना, सिरिंजने खाण्याचा रंग खोबणीजवळ हळूच सोडावा. गळती असेल तर रंग आत ओढला जाताना दिसतो. मात्र सध्या बाहेरही पाणी असल्याने तो ओढला गेला नाही तर गळती नाही असे समजू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी दिव्याचा वीजपुरवठा मुख्य फलकावरूनच तोडावा. दिवा २३० व्होल्टचा असेल तर तो काढून टाकावा आणि नवा १२ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरवरचा, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह) बसवावा.

न्यूजर्सीकर :
दुरुस्ती करतच आहात तर तळाच्या निचऱ्याची झाकणेही पाहावीत. एकच निचरा असेल आणि झाकण सपाट किंवा तुटके असेल, तर पंपाच्या ओढीने मुलाचे केस किंवा शरीर त्याला चिकटू शकते. अमेरिकेत अशाच एका मृत्यूनंतर २००७ मध्ये झाकणांबाबत कायदा झाला. झाकण बदलेपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नये.

सागरगड :
सर्वांचा आभारी आहे. कंत्राटदाराला सोमवारी येऊ नये असे कळवले आहे. खोबणीची दुरुस्ती पाणी असताना करता येते का? आणि कोटिंगचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

स्थापत्य_मित्र :
पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुटी मिळते. वीज तोडलेली असताना नळीचे तोंड तिने बंद करता येते, मात्र हा तात्पुरता उपाय समजावा. टाइलचे काम विहीर खोल जाईपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, थांबवावे. त्या वेळी ठोकून पाहावे आणि जेथे पोकळ आवाज येतो तेवढ्याच टाइल काढाव्यात. कोटिंगबद्दल माझे मत असे की आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरून आत दाब येतो, आणि आतल्या पृष्ठभागावर लावलेला पॉलिमरचा थर त्या दाबाने सुटू शकतो. क्रिस्टलाइन काँक्रीटच्या आत शिरून काम करते, म्हणून उघड्या पडलेल्या काँक्रीटवर ते लावावे, पण त्यासाठी जुना गिलावा पूर्ण निघालेला आणि काँक्रीट ओले असावे लागते. टाइल बसवण्यापूर्वी तलाव भरून किमान आठवडाभर पातळी मोजावी, आणि ही चाचणी होईपर्यंत कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देऊ नये.