नोलेन गूळ, केक आणि डिसेंबरचं स्वयंपाकघर: तुमचे अनुभव लिहा

कवडसा

काल कोलकात्याहून ओळखीचे एक गृहस्थ आले आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली पाटाली काढून ओट्यावर ठेवली. नोलेन गुळाची, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाची ढेप. कागद सोडायच्या आधीच घरभर वास! तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाहीये, म्हणून हा धागा.

बाबांची नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे माझी शाळा भवानीपूरला झाली. खालच्या मजल्यावर काकिमा राहायच्या. दुर्गापूजा, कालीपूजा उरकली की त्यांचं स्वयंपाकघर जरा शांत असायचं. मग थंडी पडायची, खजुरीचा नवा गूळ बाजारात यायचा आणि एकदम दोन्ही कामं सुरू: इकडे छाना, म्हणजे दूध फाडून काढलेलं ताजं पनीर, तिकडे केक. 25 डिसेंबर म्हणजे बडोदिन, आणि त्या दिवशी बंगाली हिंदू घरातही केक हवाच हवा. काही जण न्यू मार्केटात नाहूमच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग लावतात (बगदादी ज्यू कुटुंबाचं, 1902 पासूनचं), काही पाड्यातल्या बेकरीतून आणतात. काकिमा घरी करायच्या.

ओव्हन नव्हता. जुन्या कुकरच्या तळाला वाळू, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली, आत ॲल्युमिनियमचा डबा. बेदाणे, काजू आणि चालकुमड्याचा मोरब्बा, म्हणजे आपला कोहळ्याचा पेठा, हे सगळं आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजत पडायचं. दार्जिलिंगची छोटी संत्री तेव्हाच येतात. त्यांची सालही किसून केकमध्ये. केक वाळूवर भाजत असताना परातीत छाना मळायचा. तळहाताच्या टाचेने, रवा हाताला लागेनासा होईपर्यंत. मग गूळ घालून मंद आचेवर, कढई सोडायला लागला की खाली. लाकडी साचे होते, शंख आणि मासा. मासा मला मिळायचा.

त्या दिवशी प्रत्येकाच्या ताटलीत केकचा तुकडा, संदेश आणि जयनगरचा मोआ (लाह्या आणि नोलेन गुळाचा लाडू), असं एकत्रच यायचं. यात काही वेगळं आहे हे मला पुण्यात आल्यावर कळलं. संक्रांतीला आईच्या गुळपोळ्या खाली जायच्या आणि काकिमांचा पाटीशाप्टा, म्हणजे सारण भरून गुंडाळलेलं धिरडं, वर यायचा.

ज्यांनी असा डिसेंबर पाहिलाय, बंगालात किंवा कुठेही, त्यांनी लिहा. पाककृती, आठवणी, काहीही चालेल.

खारीबटर

पाटाली!!! पुण्यात कुठे राहता? येतेच.

लोणकढी

धागा उघडला आणि पोळ्या तव्यावर. घाईत लिहितेय. लग्न होऊन बेहालाला आले, सासर पक्कं बंगाली. पहिल्याच थंडीत सासूबाईंनी एक गोष्ट हाताला धरून शिकवली: पायेश, म्हणजे तांदळाची खीर करताना गूळ गॅस बंद केल्यावरच. तांदूळ शिजले, दूध आटलं, खाली उतरवलं, जरा निवलं की मग गूळ. उकळत्या दुधात टाकलात तर फाटायची भीती. नवीन मंडळींनी हे लिहूनच ठेवा.

केकबद्दल रात्री लिहिते.

रानजाई

कवडसा, कुकरमधल्या वाळूचा केक आमच्या नागपुरातही होता. वाळूऐवजी मीठ. ते मीठ काळं पडलेलं बरणीत वर्षानुवर्षं असायचं आणि आजी त्यावर चिठ्ठी लावायची, "भाजीत घालू नये". 😄

पण बंगाली काही नाही त्यात. नुसतीच आठवण आली.

वसईवाली

आमच्याकडे नाताळची तयारी म्हणजे कलकल. मैदा, अंडं, नारळाचं दूध, थोडं तूप. छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. काटे कमी पडले की नवे कोरे कंगवे! सगळी भावंडं चटईवर बसून करायची, मोठ्यांनी फक्त तळायचं. सोबत रोझ कुकीज, साचा तेलात तापवून पिठात बुडवायचा तो प्रकार.

मामी कोलकात्याची, अँग्लो-इंडियन. बो बॅरॅक्सजवळ तिचं माहेर. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि परात बघून हरखली, कारण तिच्या घरी पण अगदी हेच! कलकल, रोझ कुकीज, वर आल्याची वाईन. फक्त तिच्या ताटात नोलेन गुळाचा संदेश असायचा आणि आमच्यात नेवऱ्या. दुसऱ्या वर्षीपासून तिने नेवऱ्यांच्या सारणात खजुरीचा गूळ घालायला सुरुवात केली. आमच्या आजीने चाखलं आणि डबा स्वतःकडे ठेवून घेतला.

मामी सांगते की तालतल्याच्या बाजूला अजूनही लोक आपलं सामान घेऊन बेकरीत जातात. लोणी, अंडी, भिजवलेला मेवा सगळं घरचं. बेकरीवाला तुमच्यासमोर फेटतो आणि भट्टीत लावतो. डिसेंबरात रात्रभर चालतं. आपला डबा ओळखायला लोक कागदावर नाव लिहून चिकटवतात. तिथली साल्डान्हा बेकरी 1930 पासूनची, मूळ गोव्याच्या कुटुंबाची. म्हणजे आपलीच माणसं तिकडे केक भाजतायत.

खारीबटर

वसईवाली, आमच्या शेजारी बांद्र्याला पण पूर्वी भट्टीवर केक पाठवायचे. नेवऱ्यांत खजुरीचा गूळ ही कल्पना फार आवडली. यंदा करणारच.

आंबटगोड

अंड्याशिवाय केक होईल का त्या गुळाचा? घरी चालत नाही.

डहाणूकडचा

झाडाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ही ती शिंदी. आमच्याकडे डहाणू-पालघर पट्ट्यात भरपूर, आम्ही खजुरीच म्हणतो. आमच्याकडे नीरा आणि ताडी, तिकडे गूळ. मी नोकरीनिमित्त नदियाला होतो, कल्याणीत क्वार्टर. तिथल्या एका शिउलीबरोबर, म्हणजे झाड तासणाऱ्याबरोबर, पहाटे गेलो होतो. शेंड्याजवळ खोड तासून बांबूची पन्हळ लावतात, खाली मडकं. रस रात्री गोळा होतो आणि उन्हाच्या आत उतरवावा लागतो, नाहीतर आंबायला लागतो. म्हणून थंडी पाहिजे. ढगाळ, उबदार रात्र झाली की रस गढूळ, गूळ वाईट. तास मारून झाला की झाडाला दोन-तीन दिवस विश्रांती देतात. विश्रांतीनंतर पहिल्या रात्री जो रस येतो त्याला जिरेन म्हणतात, सगळ्यात चांगला गूळ त्याचाच. पसरट कढईत तासन् तास आटवतात. पातळ ठेवला तर झोला गूळ, घट्ट करून साच्यात ओतला तर पाटाली.

चढणारी माणसं कमी होत चाललीत. त्या शिउलीची मुलं केरळात बांधकामावर. किंमत वाढली म्हणून आपण कुरकुर करतो, पण पौषातल्या थंडीत अंधारात झाडावर चढायचं म्हणजे काय ते बघितल्यापासून मी भाव करत नाही.

तिथे ऑफिसातली एक सहकारी कृष्णनगरची, बंगाली ख्रिश्चन. तिच्या घरी नाताळच्या सकाळी चर्चवरून आलं की आधी पिठे, म्हणजे नव्या तांदळाचे गोड पदार्थ. दूधपुली, पाटीशाप्टा, आणि नंतर केक. तिची आई म्हणायची, नवा तांदूळ आणि नवा गूळ घरात आलाय, तो येशूच्या जन्माला नाही करायचा तर कधी?

धुकं

वाह. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सातूचं_पीठ

पुण्यामुंबईत "नोलेन" म्हणून काहीही विकतात. साखर मिसळलेली पाटाली ओळखायची खूण: फार कडक, तुटताना खटकन आवाज, आत चमकणारे कण. चांगली ढेप बोटाने दाबली तर कडेने चुरते, रंग गडद. वास उग्र आला तर इसेन्स समजा.

खारीबटर

@सातूचं_पीठ दादरला मिळते का हो चांगली?

सातूचं_पीठ

मिठाईवाल्यांकडे मिळते, पण ती मी घेत नाही. कोलकात्याहून कोणी येत असेल तर सांगते. जानेवारीत आणली तर अजून उत्तम.

लोणकढी

आले. केक लिहिते.

मैदा 200 ग्रॅम, मऊ लोणी 150, किसलेली पाटाली 150, अंडी 3, बेकिंग पावडर दीड चमचा, चिमूट मीठ, दूध लागेल तसं. लोणी आणि गूळ भरपूर फेटा, साखरेइतकं पांढरं होत नाही, घाबरू नका. अंडी एकेक करून. मग मैदा. वरून काजू, बेदाणे. 170 डिग्रीवर 45 ते 50 मिनिटं. व्हॅनिला अजिबात नको, गुळाचा वास झाकला जातो. दालचिनीही नको. माझ्या नणंदेशी यावरून दरवर्षी वाद होतो, पण मी ठाम आहे. उसाचा गूळ घालून हा केक करायचा असेल तर दालचिनी-जायफळ खुशाल घाला.

गरम असतानाच वर दोन चमचे झोला गूळ ओतायचा. दुसऱ्या दिवशी कापा.

@आंबटगोड, अंड्यांऐवजी पाऊण वाटी ताजं दही आणि पाव चमचा खायचा सोडा. जरा दाट होतो, पण छान.

आमच्याकडे 24 तारखेला रात्री पार्क स्ट्रीटची रोषणाई बघून आल्यावर सासरे हा केक कापतात. सासरे शांतिनिकेतनचे, ते सांगतात तिथे 1910 पासून 25 डिसेंबरला ख्रिस्तोत्सव होतो, रवींद्रनाथांनी सुरू केलेला. उपासनागृहात मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात. पौष मेळा त्याच सुमारास. त्यामुळे त्यांच्या लेखी बडोदिन हा बाहेरचा सण नाहीच.

पिंपळपान

मला यावर्षी काही करवत नाहीये. माझी मावशी जमशेदपूरला असायची, बंगाली शेजाऱ्यांकडून शिकून डिसेंबरात डबे पाठवायची. गोकुळ पिठे, आणि अंजीर घातलेला केक. ती जुलैमध्ये गेली. डबा तिचाच आहे घरात, परत द्यायचा राहिलेला. धागा वाचून बरं वाटलं, एवढंच सांगायला आले.

कवडसा

पिंपळपान, काय बोलू. त्या डब्यात काही भरावंसं वाटेल तेव्हा भरा, घाई नाही. गोकुळ पिठ्याचं सारण मावशी खव्याचं करायची की नारळाचं?

पिंपळपान

दोन्ही. खवा कमी, नारळ जास्त. 🙂

वसईवाली

घट्ट मिठी गं.

जर्सीकर

न्यू जर्सीतून. आमच्या इमारतीत चार बंगाली घरं आणि एक आम्ही. इथे छाना फाडत बसायला कोणाला वेळ नाही, म्हणून सगळे रिकोटावर करतात. 15 औंसाचा डबा, कंडेन्स्ड मिल्क अर्धा टिन, पाटाली किसून मूठभर, मिसळायचं, तूप लावलेल्या ट्रेमध्ये 350 फॅरनहाइटवर 40 मिनिटं. वरून पिकान. गार झाला की चौकोनी वड्या. भापा, म्हणजे वाफवलेल्या संदेशाच्या जवळ जातो. मूळ संदेश नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी ट्रे पहिला संपतो.

थँक्सगिव्हिंगला लाल भोपळ्याच्या पायमध्ये (pie) ब्राउन शुगरऐवजी पाटाली घालतो. माझी मुलगी तो पाय शाळेत घेऊन गेली, बाईंनी कृती मागितली. "डेट पाम जॅगरी" म्हणून लिहून दिली, आणि सोबत एक तुकडाही पाठवला, नाहीतर त्या कुठे शोधणार.

मला स्वतःला भोपळ्याचे घारगेच आवडतात. पण ते इथे कोणाला सांगू.

रानजाई

घारग्यांचं नाव काढलंत! भोपळा शिजवून घेता की कच्चा किसून?

जर्सीकर

किसून, गुळाबरोबर शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाची पिठी.

रानजाई

आमच्याकडे पण तांदळाची पिठी. विदर्भात काही जण रवा घालतात.

धुकं

धागा घारग्यांवर गेला. 😄 बरं, कमला खीर कोणी करतं का? संत्र्याची. सासर बंगाली असलेल्या बायकांनो, कृपया. गेल्या वेळी कोलकात्यात खाल्ली, तेव्हापासून शोधतेय.

लोणकढी

करते ना. दूध एक लिटर, आटवून अर्धं. साखर घाला, गूळ नको, संत्र्याचा वास नाजूक असतो. पूर्ण गार करा, अगदी फ्रीजमधलं गार. संत्र्याच्या फोडी सोलून, पांढरी सालपटं आणि बिया काढून, वाढायच्या जरा आधी मिसळा. कोमट दुधातही घातल्या तर फाटेल.

नागपुरी संत्र्याची पण मस्त होते. रानजाई, तुमच्याकडे आता बहर असेल ना?

रानजाई

आहे की, आंबिया बहर. पेटी पाठवते, पत्ता निरोपातून द्या.

आंबटगोड

दह्याचा केक लावलाय ओव्हनमध्ये. पाटाली नव्हती, कोल्हापुरी गूळ आणि जायफळ घातलं. फुगतोय!

लोणकढी

दार उघडू नका मध्ये. 40 मिनिटांनी सुरी घालून बघा.