‘अपरिग्रह’ म्हणजे काटकसर का?

प्रश्न : एका पत्रकात ‘अपरिग्रह म्हणजे काटकसरीने राहणे’ असं वाचलं. हा अर्थ बरोबर आहे का? काही ठिकाणी ‘असंग्रह’ही दिसतो. जाणकारांनी सांगावं.

उत्तर : काटकसर वेगळी, ताई. काटकसर करणारा पै-पै वाचवतो ती बहुधा आपल्याच घरासाठी. त्यात वावगं काही नाही, पण ते व्रत नव्हे. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरून ठेवणं. संस्कृतात बायको, घरदार, लवाजमा यांनाही परिग्रह म्हणतात. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच यमांत, म्हणजे संयमाच्या नियमांत, अपरिग्रह शेवटचा, जैनांच्या पाच महाव्रतांतही शेवटचा. जैनांची व्याख्या तर दोनच शब्दांची : ‘मूर्च्छा परिग्रहः’. मूर्च्छा म्हणजे आसक्ती; वस्तूपेक्षा तिच्यात गुंतलेला आपला जीव महत्त्वाचा. गृहस्थाला सगळं सोडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण : शेत, घर, सोनंनाणं, धान्य, भांडीकुंडी किती ठेवायची, ते आधीच ठरवायचं.

याला लोकहिताची जोड गांधीजींनी फार ठळकपणे दिली. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी हे व्रत अस्तेयाला, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताला, जोडलं : गरज नसताना घेतलं, तर तीही चोरीच. आश्रमाच्या अकरा व्रतांवरच्या विनोबांच्या श्लोकात हेच व्रत ‘असंग्रह’ म्हणून येतं. १९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, पैशाऐवजी अंगमेहनतीवर आश्रम चालवायचा. पुढच्याच वर्षी ते लोकांकडे भूदान मागू लागले. आधी स्वतः सोडलं होतं, म्हणून त्या मागण्याला वजन आलं, असं मला मनापासून वाटतं.

आणि गाडगेबाबा! अंगावर चिंध्या, हातात खराटा, जेवायला मडक्याचं खापर. त्याच माणसानं पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या, त्या परक्यांच्या मुक्कामासाठी. याला काटकसर कसं म्हणणार?

दुसरं उत्तर : सहमत, पण काटकसरीला फार खाली ढकलू नका. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारें वेच करी’ म्हणणारे तुकोबा कमावू नका म्हणत नाहीत. काटकसरीतून उरलेलं दुसऱ्याच्या कामी आलं, तर ती अपरिग्रहाच्या वाटेवरच आहे.

वापराचं म्हणाल तर अपरिग्रह ‘पाळतात’, ‘करत’ नाहीत. माणूस ‘अपरिग्रही’. ‘असंग्रही’ मात्र कानाला खटकतं, कारण ‘माझ्या संग्रही आहे’ हा प्रयोग आपल्याकडे पुस्तकं, नाणी जमवणाऱ्यांच्या तोंडी रुळलेला आहे. पत्रकात ‘गरजेपुरतंच ठेवणे’ असं लिहिलेलं बरं.