अनुभव धागा : सांदवाडीतली पाखरं

ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव सगळं उशाशी असल्याचा एक तोटा आहे. विदर्भात कुणी ‘फोटो काढतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : वाघ दिसला का? त्या नादात घरामागच्या कडुनिंबावर रोज टुकटुक करणाऱ्या तांबटाचा एक धड फोटो कुणाकडे नसतो. म्हणून हा धागा, सांदवाडीतल्या म्हणजे घरामागच्या परसातल्या पाखरांचा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह (पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सालिम अलींचा), तर निमित्तही आयतं आहे. अट एकच : लिहाल ते स्वतःच्या कुंपणाच्या आतून बघितलेलं हवं. अभयारण्य चालणार नाही. फोटो हललेला असला तरी चालेल.

सुरुवात मीच करतो.

हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, जास्वंदीला लागून, शिंजिराच्या (सूर्यपक्ष्याच्या) मादीनं उन्हाळ्याच्या तोंडाशी घरटं बांधायला घेतलं. नर विजेच्या तारेवर बसून गात होता, कामाला हात नाही. ती कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणायची, त्यात सालीचे कपचे, सुकलेली पानं, अळ्यांच्या लेंड्या चिकटवायची. लांबून बघाल तर वाऱ्यानं अडकलेला केर वाटावा. दाराच्या वर मात्र इवलासा छज्जा काढलेला असतो, तो दिसला की केर नाही हे कळतं. कपडे तेवढे दिवस गच्चीवर वाळले, आईच्या कुरकुरीसकट.

एक सांगून ठेवतो. पावसाळा सरता सरता नराचा तो चमकदार जांभळा रंग उतरतो. मादीसारखा मळकट पिवळा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. ‘हा नवीन पक्षी कोणता?’ म्हणून दिवाळीच्या सुमारास मला जे फोटो येतात, त्यात हे महाशय हटकून असतात.

दारव्हा, जि. यवतमाळ

मी काही फोटोवाला नाही. पोरानं मोबाइल देल्ला, त्याच्यावर काढतो. आमच्या घरात कापूस दिवाळीपासून भरून राह्यते, भाव वाढन म्हून मे लागला तरी तसाच. घरात झोपा तं अंगाले खाज. आता त्या कापसाले एक गिऱ्हाईक भेटलं. खिडकीच्या जाळीतून इतकुसं पाखरू येते, शेपटी उभी, डोक्यावर तांबूस टोपी. कापसाचा बोंडुला चोचीत धरते अन् जाते. मी मांगं मांगं गेलो तं मांगच्या अंगणात सागाचं रोप हाये, त्याच्या एका मोठ्या पानाच्या दोन कडा शिवून टाकल्या होत्या! टाके मोजता येत होते. भोकातून कापूस ओढून बाहेरून त्याचा गोळा करून ठेवते, म्हून टाका सुटत नाही. आत पुन्हा कापसाची गादी. शिंपी म्हंतात त्याले, आमच्या बायकोले म्हटलं आपल्या गावातल्या टेलरपेक्षा बरा हाये, वेळेवर देते.

व्यापाऱ्यानं भाव पाडून मांगतला त्या दिवशी बी ते येऊन कापूस घेऊन गेलं. तेवढ्याचा हिशेब नाही धरला.

अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

आमच्या सांदवाडीच्या मागे कुंपण संपलं की धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत. अटीत बसते की नाही तुम्हीच ठरवा, कारण मी उभी असते घराच्या गच्चीवर आणि सारस असतात बांधीत.

महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडाऱ्यातच उरलेत, थोडे चंद्रपूरकडे. रोवणी आटोपली, धान गुडघ्यावर आलं, की जोडी बांधीतच गवत-काड्यांचा ढीग घालून त्यावर बसते. दोन अंडी, महिनाभर उबवणं, त्यात दोघांची पाळी. शेजारच्या काकांच्या बांधीत असंच घरटं होतं. तेवढा तुकडा त्यांनी निंदला नाही, कापायलाही शेवटी घेतला. नुकसान झालंच, पण त्याबद्दल विचारलं तर ते विषय बदलतात.

माणसाच्या खांद्यापर्यंत येणारा पक्षी, तरी फोटो काढणं सोपं नाही. धानाच्या वर फक्त लाल डोकं दिसतं. मी सकाळी त्यांच्या ओरडण्याची वाट बघते. दोघं जवळ येतात, माना ताठ, चोची आभाळाकडे. नराचा एक सूर, त्यावर मादीचे दोन. आवाज बस स्टॉपपर्यंत जातो. त्या वेळी दोघांच्या पूर्ण माना एका चौकटीत मिळतात. जवळ जाऊन काढायचा मोह होतो; जात नाही. माणूस धुऱ्यावरून (बांधावरून) आत उतरला की पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात, आणि कावळे तेवढ्याचीच वाट बघत असतात.

> हिंगणघाट : अटीत बसवलं. गच्ची कुंपणाच्या आतच आहे.

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

आमच्या गावाचं नाव तुम्ही मे महिन्यात बातम्यांत ऐकता, ४६-४७ अंश झाले की. त्या दिवसांत पक्षी बघायला कुठं जावं लागत नाही, ते कुलरजवळ येतात. आमच्या कुलरच्या खालून पाणी ठिबकतं, तिथं बुलबुल चोच वर करून थेंब झेलतात. चिमण्या कुलरच्या ताट्यांतलं गवत उपसून नेतात. यंदा एका बाजूची ताटी निम्मी रिकामी झाली. घरातले ओरडतात, मी चिमण्यांच्या बाजूनं आहे.

वेगळं पाणीही ठेवते, मातीच्या पसरट परळात, झाडाच्या सावलीत. येण्याचा क्रम जवळपास ठरलेला. आधी साळुंक्या, दमदाटी करत. मग सातभाईंची टोळी. त्यांना पिण्यापेक्षा आंघोळीत रस, परळ अर्धा रिकामा करून जातात. दुपारी कधी शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, येतो आणि पाण्यात चक्क बसून राहतो. तो असेपर्यंत अंगणात चिटपाखरू नाही, खारसुद्धा नाही. कुलरच्या खिडकीच्या काचेमागून काढलेला त्याचा फोटो माझा सगळ्यात आवडता. पिवळा डोळा, ओली छाती, आणि मागे आमची बादली.

> हिंगणघाट : परळ उथळ हवा, दोन बोटं पाणी पुरे, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.

कारंजा, जि. वाशीम

कॅमेऱ्याचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. परसातल्या पक्ष्यांसाठी लाखांची लेन्स लागत नाही. माझ्याकडे निकॉनचा जुना पी ९०० आहे, ८३ पट झूम. पण सगळा झूम लावून पश्चात्ताप होतो, कारण आपल्याकडे फेब्रुवारीनंतर दहा वाजले की जमिनीवरची हवाच थरथरते. पिसं कितीही फोकस करा, पुसटच येतात. पक्षी वीस फुटांवर येऊ द्यावा, झूम निम्माच ठेवावा, सकाळी आठच्या आत काढावा. उडत्या वेड्या राघूला (हा पोपट नव्हे, हवेत किडे टिपणारा पक्षी) एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर. कोतवाल काळा कुळकुळीत, मागे आभाळ असेल तर उजेड थोडा वाढवून घ्या, नाहीतर नुसती सावली मिळते.

आणि कृपा करून घरट्यावरची फांदी ‘आड येते’ म्हणून तोडू नका. ती आड येते म्हणूनच तिथं घरटं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही तसंच. नराला वाटतं दुसरा नर आला. तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, पण मला तो चोरीचा वाटतो.

परतवाडा, जि. अमरावती

आमच्या वाड्यामागे जुना कडुनिंब आहे, आजोबांच्याही आधीचा. त्याच्या ढोलीत राखी धनेश घर करतात. मार्चच्या आसपास मादी आत शिरते आणि स्वतःच्याच विष्ठेनं दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात, म्हणजे मनात आलं तरी बाहेर निघून उपयोग नाही. सगळी भिस्त नरावर. तो उंबर, वडाची फळं घशात भरून आणतो आणि फटीशी बसून एकेक वर काढून देतो. एका फेरीत किती निघतात बघत राहावं, रिकामा झाला वाटतो आणि पुन्हा मान झटकून एक वर. अधूनमधून सरडाही. तो मात्र घशातून नाही, चोचीत धरूनच.

मी बाथरूमच्या झरोक्यातून काढतो. जागा शोभेची नाही, पण नराला माझी सवय झाली आहे. झाडाखाली बिया पडून पिंपळ-उंबराची इतकी रोपं उगवतात की वडिलांनी काही उपटून शाळेच्या आवारात नेऊन लावली.

दारव्हा

शेजारी म्हंते राघूचं पिलू धरून दे, पिंजऱ्यात पाळतो. काय सांगू त्याले?

> हिंगणघाट : सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी पोपट पाळायला बंदी आहे. ऐकला नाही तर पेरूची एक फांदी त्याच्या कुंपणावर वाकू द्या. राघू आपणहून येतील, पेरू मात्र उरणार नाहीत.

ब्रह्मपुरी

एक विचारायचं राहिलं. आमच्या पपईवर तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके, शेपटीवर पट्टे, डोळा लालभडक असा पक्षी येतो. काळ्या कोकिळासोबतच दिसतो.

> परतवाडा : ती त्याचीच मादी. गातो तो काळा नर, ही नुसती किककिक करत पळते. घरटं शोधू नका, ती बांधतच नाही, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. जून-जुलैत जवळ कावळ्याचं घरटं असेल तर त्यावर लांबून लक्ष ठेवा. कावळी ज्याला भरवते आहे, त्या पिल्लाच्या अंगावर फिके ठिपके दिसले तर ते तिचं नव्हे. फोटो मिळाला तर इथंच टाका.