आमची खो-खोवाली आत्या, आणि तुमच्या घरातल्या खेळाडू बायका

१९ जानेवारी २०२५ ला आपल्या मुलींनी दिल्लीत नेपाळला ७८-४० हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. परवा त्याची क्लिप पुन्हा फोनवर आली आणि आत्याची फार आठवण आली. आत्या दादरची, मातीवर खेळलेली. खांबावर सूर मारून मारून डाव्या कोपराची कातडी कायमची राठ झालेली. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचे. सासर मोठं, घरात सतत पाहुणे. तरी सकाळी डबे भरून ही मैदानावर, संध्याकाळी कुकर लावायला हजर. पंगतीत पोरांच्या पाठीवर थाप मारून "खो!" ओरडायची. ज्याला खो मिळाला त्याने उठून वाढायचं. भाच्यांच्या प्रत्येक शर्यतीला ती दोरीपाशी उभी असायची.
गेल्या पावसाळ्यात गेली. "संसार सांभाळून खेळली हो" असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. मला ते पटत नाही. मैदान आणि माणसं, दोन्हींची तिला सारखीच भूक होती. तुमच्याकडे अशी कुणी असेल तर लिहा ना.

परळची
आई! कबड्डी, उजवा कोपरा. घोटा धरला की सुटका नाही. ८२ च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा खेळावर लागलेल्या तिच्या नोकरीनेच घर चाललं. बाबा आम्हाला खांद्यावर घेऊन सामन्याला यायचे आणि "अगं धर, धर!" करून घसा बसवून घ्यायचे. २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत बायकांची कबड्डी पहिल्यांदा आली आणि आपण सुवर्ण आणलं, तेव्हा आईने चाळभर पेढे वाटले. आता गुडघे गेलेत, पण टीव्हीवर चढाई चालू असली की अजून सोफ्यावरून अर्धी उठते.

चाफा
कोपराचं वाचून डोळे भरले गं. आत्यांना नमस्कार. भाजी फोडणीला टाकलीय, नंतर लिहिते.

माहीमकर
खो-खोचा विश्वचषक जिंकला त्याच दिवशी मुंबई मॅरेथॉनही होती! आमच्या सासूबाई १० किलोमीटर पळून आल्या, आंघोळ केली आणि पदर खोचून थेट तिळाच्या वड्या थापायला बसल्या. संध्याकाळी हळदीकुंकू होतं. "अहो आई, जरा पडा" म्हटलं तर म्हणे, "पाय दुखतायत, हात कुठे दुखतायत?"

पारिजात
माहीमकर, वड्यांना चिकीचा गूळ घेता का? माझ्या दगडासारख्या होतात.

माहीमकर
नाही नाही, चिकीचा गूळ लाडवांना. वडीला साधाच घ्या आणि पाक जास्त आटवू नका. सासूबाईंना विचारून प्रमाण टाकते.

बोरिवली लोकल
माझ्या मावशीचं उलट झालं. भालाफेकीत शाळेची पहिली, पण लग्नानंतर सासरी "आता पुरे" म्हणाले आणि भाला माहेरच्या माळ्यावर गेला. याचा मला आजही राग येतो. पण ती गप्प बसणारी नव्हती. मुलं कॉलेजात गेल्यावर शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात पोहायला शिकली आणि मग आम्हा सगळ्या भाचरांना एकेक करून पाण्यात उतरवलं. मी घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारायचो, तर कानाशी हळू म्हणायची, "श्वास सोड रे बाळा, पाणी धरतं आपल्याला." तिला जाऊन बरीच वर्षं झाली. पोहायला उतरलो की पहिल्यांदा तीच आठवते.

परळची
बोरिवली, मावशीला सलाम.

चाफा
आले परत. विषय थोडा सोडून विचारते, लेक दुसरीत आहे, दिवसभर खिडकीच्या गजांना लटकते. दादरच्या आसपास कुठे घालू?

माहीमकर
गजांना लटकते ना, मग दोरीचा मल्लखांब! शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आहे, २०१९ ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथेच झाली होती. एकदा नुसतं बघायला घेऊन जा. मुली पायाच्या बोटांत दोरी पकडून सरसर वर जातात.

चाफा
शनिवारी नेते. आजीलाही यायचंय म्हणते, ती लंगडी खेळायची.

परळची
अगं मग आजींचं लिही की!