नॅचरल बॉडीला मर्यादा किती? ट्रेनर म्हणतो, 'तुझं झालं आता'

भांडुपचा_गडी:
वय २७, उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो. जिमच्या मशीनवर फॅट १५ टक्के दाखवतं. चार-पाच वर्षं नेमाने व्यायाम चालू आहे, दंड साडेचौदा इंच. गेल्या वर्षभरात वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं. ट्रेनर म्हणतो, नॅचरलमध्ये, म्हणजे स्टेरॉईड न घेता, एवढंच होतं, पुढे जायचं तर एक 'हलकी सायकल', म्हणजे स्टेरॉईडच्या सुयांचा कोर्स, मार. सुई टोचायची नाही हे पक्कं आहे. पण खरंच माझी मर्यादा आली का? यंदा आमच्या भागातल्या स्पर्धेत ७० किलोच्या गटात उतरायचंय.

डोंबिवली_फास्ट:
सायकल विकणाराच सांगतो की तुझी मर्यादा आली. जिम बदल.

परळचे_काका:
वरच्याचं म्हणणं खरं आहे, पण पोराने आकडे दिलेत तर आकड्यांतच बोलूया. मी गिरणगावातल्या व्यायामशाळेत वाढलो. पत्र्याखाली मातीचा हौदा, गंजलेल्या प्लेटा आणि वस्तादांची शिवी, एवढंच सामान. आता पोरांना शिकवतो.

अंगातलं फॅट वजा करून उरलेल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं आणि उंचीसाठी थोडी दुरुस्ती करायची. याला एफएफएमआय म्हणतात. १९९५ साली अमेरिकेत १५७ खेळाडूंवर याचा अभ्यास झाला. स्टेरॉईड न घेणारे साधारण २५ पर्यंत पोचले, घेणाऱ्यांतले बरेच त्याच्या पुढे गेले. लोकांनी त्या २५ ची लक्ष्मणरेषा करून टाकली. पण त्याच अभ्यासात १९३९ ते १९५९ च्या, म्हणजे स्टेरॉईड पसरण्याआधीच्या, मिस्टर अमेरिका विजेत्यांचा अंदाज काढला, तर त्यांची सरासरीच २५.४ आली. म्हणजे निवडक हाडापेराची माणसं २५ च्या थोडी वर जाऊ शकतात. तू-मी नाही.

आता तुझा हिशेब. फॅट सोडून ६१ किलो, म्हणजे आकडा २२ च्या आत. २५ गाठायला अजून नऊएक किलो निव्वळ मांस लागेल, आणि ते बहुतेकांना जन्मात जमत नाही. दुसरा एक ढोबळ ठोकताळा आहे: सेंटीमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करा, तेवढं वजन स्टेजवर, फॅट पाच-सहा टक्के असताना. तुझ्यासाठी ७० किलो. त्या हिशेबानेही तुझी चार-पाच किलोंची जागा शिल्लक आहे. ट्रेनरला सांग, दुकान बंद झालेलं नाही.

फक्त वेग विसर. पहिल्या वर्षी जे भराभर चढतं, ते चौथ्या-पाचव्या वर्षी किलो-दीड किलोवर येतं, पुढे त्याहून कमी. तुझा अर्धा किलो कमी आहे, पण नवल वाटावं इतका नाही. आणि त्या मशीनवर फार विसंबू नकोस. पाणी कमी-जास्त प्यायलास तरी तिचा आकडा हलतो. खरं फॅट २० टक्के निघालं तर तुझा आकडा साडेवीसवर येतो, म्हणजे जागा आणखी जास्त.

'हलकी सायकल' म्हणजे काय तेही ऐक. १९९६ मध्ये एक प्रयोग छापून आला. दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुईने. व्यायाम अजिबात न करता सुई घेणाऱ्यांचं फॅट सोडून वजन तीन किलोंच्या वर वाढलं, आणि सुईशिवाय घाम गाळणाऱ्यांचं दोनेक किलो. म्हणून फोनवरच्या फोटोंशी स्वतःला ताडून बघायचं नाही. त्या सुईने अंगातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, हे कुठला विकणारा सांगतो?

जाता जाता, बंगालचे शरीरसौष्ठवपटू मनोहर आइच. उंची चार फूट अकरा इंच, ब्रिटिशांच्या तुरुंगात व्यायाम केलेला माणूस, १९५२ मध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत बुटक्या उंचीच्या गटात पहिला आला. डायनाबॉल ही स्टेरॉईडची गाजलेली गोळी बाजारात आली त्यानंतर, १९५८ मध्ये.

आता सांग, मनगट किती आणि दिवसभरात खातोस काय?

भांडुपचा_गडी:
काका, मनगट साडेसहा इंच. सकाळी पोहे-चहा, डब्यात चपाती-भाजी, संध्याकाळी जिमनंतर चार अंडी, रात्री डाळ-भात. रविवारी चिकन.

परळचे_काका:
अरे, मग मर्यादा ताटात आहे! वजनाच्या दर किलोला १.६ ग्रॅम प्रोटीन धर, तुला ११५ च्या आसपास लागेल. चार अंड्यांत २४-२५ येतं, बाकीचं काय पोह्यांतून येणार? डब्यात सोयाबीन नाहीतर पनीर टाक, मूग-मटकीची उसळ खा, मासे परवडतील तेव्हा मासे. मनगट बारीक आहे, तेव्हा अठरा इंची दंडाचा नाद सोड. साडेपंधरा झाला आणि कट दिसले, तर स्टेजवर तोच मोठा दिसतो.

आणि ७० किलोच्या गटात उतरू नकोस. फॅट पाच टक्क्यांवर आलं की तुझं वजन ६४ च्या आसपास असेल. ६५ च्या गटात नाव दे. मंडळाने नोंदणी सुरू केली की कळव, पोझिंगला शनिवारी परळला ये.

डोंबिवली_फास्ट:
काका, मी पण येऊ का? वजन ९१ आहे.

परळचे_काका:
तू आधी जिने चढत ये.