दुधाची जागा दारात नाही

फ्रीज नीट कसा लावायचा, या प्रश्नावर बऱ्याच जणांनी डबे, ट्रे आणि लेबलं सुचवली आहेत. ती ठीकच, पण माझ्या मते आधी फ्रीजमध्ये थंडावा कुठे जास्त आणि कुठे कमी ते बघावं.

दार सतत उघडतं, त्यामुळे तिथलं तापमान सगळ्यात जास्त वरखाली होतं. आणि आपण नेमकं दूध तिथेच ठेवतो, कारण बाटलीचा कप्पा तिथे असतो! दारात सॉस, लोणची, जॅम असलं टिकाऊ ठेवा. दूध आत, मागच्या बाजूला. कच्चं मांस-मासे झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे पाणी गळलं तरी शिजवलेल्या अन्नावर पडणार नाही.

भाजीच्या ड्रॉवरला छोटी सरकती पट्टी असते, तिला मी कित्येक वर्षं हातही लावला नव्हता. ती बंद केली की आत ओलावा राहतो, तो पालेभाज्यांना हवा. उघडी ठेवली की फळांनी सोडलेला इथिलीन वायू बाहेर जातो. सफरचंदाशेजारी पालक ठेवला की तो लवकर पिवळा पडतो, तो याच वायूमुळे.

फ्रीज ठासून भरू नका, थंड हवा फिरायला जागा लागते. आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवं. डायलवरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत (आमच्याकडे यावरून वाद झालाय). आत एक साधा थर्मामीटर ठेवून बघा.

उरलंसुरलं मात्र डोळ्यासमोरच्या कप्प्यात, पारदर्शक डब्यात. मागे गेलेली वाटी आमच्याकडे थेट बुरशीसकटच सापडते.