चोणकाच्या प्लीहेतील पेशींना चौथ्या पॅसेजनंतर प्रतिकारपेशी म्हणावे का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, ताळगाव)

नमस्कार. चोणक, म्हणजे महाराष्ट्रातला जिताडा, याची प्लीहा (स्प्लीन) आणि शीर्षवृक्क (वृक्काचा डोक्याकडचा भाग) यांपासून मी पेशीसंवर्धन करीत आहे. माशांना अस्थिमज्जा नसते आणि रक्तपेशी मुख्यतः शीर्षवृक्कात घडतात, म्हणून हा अवयव निवडला. ऊतींचे बारीक तुकडे एल-१५ या पोषक माध्यमात २० टक्के फीटल बोवाइन सीरम (गाईच्या गर्भाच्या रक्तातील द्रव) घालून २८ अंश सेल्सियसला ठेवले. पहिल्या आठवड्यात गोल, दाणेदार पेशी तळाला घट्ट चिकटलेल्या दिसत होत्या. पण दर वेळी ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारे विकर) देऊन पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये नेत गेल्यावर, म्हणजे पॅसेज करत गेल्यावर, चौथ्या पॅसेजला सगळा तळ चातीच्या आकाराच्या लांबट पेशींनी भरून गेला. प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा क्रम चोणकाशी जुळला असून गुणसूत्रांची संख्याही ४८ आली. एवढ्या पुराव्यावर ही प्रतिकारपेशींची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारा पेशीवंश) आहे, असे लिहिता येईल का?

उत्तर १ (जुने गोवे)

नाही, तसे लिहू नये. सीओआय आणि गुणसूत्रे यांवरून पेशी चोणकाच्या आहेत एवढेच ठरते. त्या कोणत्या प्रकारच्या पेशी आहेत आणि काय काम करतात, हे त्यांतून कळत नाही. तुमच्या वर्णनावरून या पेशी प्लीहेच्या आधारऊतीतील फायब्रोब्लास्ट (ऊतीचा सांगाडा घडवणाऱ्या पेशी) असाव्यात असे मला वाटते.

याचे कारण बहुधा तुमच्या पद्धतीतच आहे. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) तळाला इतके घट्ट धरून बसतात की ट्रिप्सिनने ते सहसा सुटत नाहीत. सुटतात ते फायब्रोब्लास्ट, आणि प्रत्येक पॅसेजला पुढच्या फ्लास्कमध्ये तेच जातात. जुना फ्लास्क टाकून देण्यापूर्वी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तुम्हाला हव्या असलेल्या गोल पेशी तिथेच मागे राहिलेल्या दिसण्याची शक्यता आहे.

रेनबो ट्राउटच्या प्लीहेपासून १९९८ साली कॅनडात नोंदवलेली आरटीएस-११ ही मॅक्रोफेजसदृश सेल लाइन दीर्घकाळ जपलेल्या प्लीहा-संवर्धनातून मिळाली होती. म्हणून एक फ्लास्क ट्रिप्सिन न देता ठेवा, आधारपेशींचा थर तसाच राहू द्या, दर वेळी निम्मेच माध्यम बदला आणि वर तरंगणाऱ्या किंवा सैल चिकटलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवून पाहा. यास काही महिने लागू शकतात. घाई करू नये.

उत्तर २ (मडगाव)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पुराव्यासाठी भक्षण चाचणी (पेशी मणी गिळतात का ते पाहणे) सर्वांत आधी करावी, परंतु इथे एक फसगत होते आणि ती माझीही झालेली आहे. माशांच्या प्लीहेत व वृक्कात मेलॅनोमॅक्रोफेज असतात आणि त्यांच्या पोटात मुळातच तपकिरी-काळे कण असतात. साधे गडद मणी वापरले तर पेशीने मणी गिळला की तो तिचाच रंगकण आहे, हे ठरवता येत नाही. मी दोन दिवस तेच कण मोजत बसलो होतो. त्यामुळे प्रतिदीप्त मणी वापरा आणि त्याच पेशींची दुसरी प्लेट ४ अंशांवर नियंत्रण म्हणून ठेवा. थंडीत गिळण्याची क्रिया थांबते, त्यामुळे तिथे जे दिसेल ते नुसते बाहेरून चिकटलेले समजावे.

त्यानंतर नॉन-स्पेसिफिक एस्टरेज रंजन (मॅक्रोफेजमधील विकर दाखवणारे), एनबीटी चाचणी (पेशी जंतुनाशक क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात का ते दाखवणारी) आणि मॅक्रोफेजची खूण असलेल्या सीएसएफ-१ रिसेप्टरच्या जनुकाची अभिव्यक्ती पाहावी. मायकोप्लाझ्मा या संवर्धनात शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर (डीएनएवर आधारित) तपासणी टाळू नये. चोणकात बीटानोडाव्हायरस हा माशांचा विषाणू आढळतो, म्हणून त्याचीही तपासणी करावी. पट्टेदार मरळीची एसएसएन-१ ही सेल लाइन विषाणू वाढवण्यासाठी पुष्कळ वापरली गेली, आणि तिच्यातच एक रेट्रोव्हायरस कायम वस्तीला असल्याचे आढळले आहे.

विद्यार्थिनी

मनापासून आभार. तिसऱ्या पॅसेजचा जुना फ्लास्क अजून टाकलेला नव्हता. आज पाहिला, तर कडेला गोल पेशींचे पुंजके खरोखरच आहेत. आताच्या लांबट पेशी टाकून द्याव्यात का?

उत्तर १ (जुने गोवे)

मुळीच टाकू नका. त्यांना ‘चोणक प्लीहा, फायब्रोब्लास्टसदृश’ असे नाव देऊन १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठवताना पेशी जपणारे द्रव्य) द्रव नायट्रोजनात ठेवा. विषाणूंच्या अभ्यासाला त्या उपयोगी पडू शकतात. गोल पेशींचे जुने माध्यम मात्र आज पूर्ण बदलू नका, निम्मेच काढा.